झिजलेल्या भागाचं मूळ माप

यावल, फैजपूर, सावदा, रावेर हा केळीचा पट्टा. सातपुड्याच्या पायथ्यापासून तापीपर्यंत उतरत गेलेली जमीन आणि तिच्यात पाच बाय पाच फुटांवर लावलेले केळीचे बाग. आता लागण थोडी मोकळी होते, पण जुना हिशेब पाच फुटांचाच. या ओळीत मोठा ट्रॅक्टर शिरत नाही. पस्तीस अश्वशक्तीचा जुना मॅसीसुद्धा चाकाच्या बाहेरून मोजला तर पाच फुटांहून रुंद भरतो. नांगरट त्याने करावी, ट्रॉली त्याने ओढावी. पण मृगबाग असो की कांदेबाग, लागण झाल्यावर आत जायचं ते बैलांनी, नाहीतर अंग चोरून चालणाऱ्या लहान यंत्राने.

अशी लहान यंत्रं आपल्याकडे प्रामुख्याने जपानी वळणाची आली. बंगळुरूच्या व्हीएसटी कंपनीने १९६७ मध्ये मित्सुबिशीशी सहकार्य केलं आणि पॉवर टिलर काढले. पुढे त्याच घराण्यातला साडेअठरा अश्वशक्तीचा ‘शक्ती’ ट्रॅक्टर बागायतदारांत रुजला. केरळ सरकारच्या ‘कामको’ने १९७३ पासून कुबोटाच्या वळणाचे टिलर आणले. शिवाय शेडमध्ये कुणी जुन्या इंजिनाला दुसऱ्याच गाडीचा गिअरबॉक्स जोडून घडवलेली घरगुती यंत्रंही असतात, आणि त्यांना कुठलंच पार्ट्स बुक नसतं. यांतली बरीच आता खळ्यात, गोठ्याच्या पडवीत उभी आहेत. ती पुन्हा सुरू करायची हौस वाढते आहे. कुणाला कामासाठी हवं असतं, कुणाला वडिलांनी घेतलेलं म्हणून.

यंत्र उघडलं की यादी होते: पिस्टन, बुश, एखादा गिअर, पुढच्या एक्सलची पिन, दोन-तीन सील. दुकानदार म्हणतो, हे आता येत नाही. मग लेथवाला. तो म्हणतो, “नमुना आणा भाऊ, तसाच काढून देतो.” इथेच गाडी अडते. झिजलेला भाग नमुना म्हणून दिला तर नवा भागही झिजलेलाच मिळतो. पिन मुळात पंचवीस मिलिमीटरची होती, घासून साडेचोवीस उरली, लेथवाल्याने इमानेइतबारे साडेचोवीसची काढली. बुश नवा, पिन नवी, आणि एक्सल पहिल्या दिवसापासून खडखडतो.

मूळ माप हाताशी असलेल्या भागावर लिहिलेलं नसतं, पण ते शोधून काढता येतं. कारण ज्याने ते यंत्र आखलं त्याने आकडे मनाला येतील तसे घेतले नव्हते. प्रत्येक देशाच्या, प्रत्येक कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात ठरलेल्या मापांची एक शिडी असते आणि आखणारा त्या शिडीच्या पायऱ्यांवरच पाय ठेवतो. इंग्रज माणूस सव्वादोन इंच घेतो, जपानी ५५ मिलिमीटर घेतो, ५६.३ कुणीच घेत नाही. म्हणून व्हर्नियर लावण्याच्या आधी शिडी कुठली ते ठरवायचं.

ते सांगणारी सगळ्यात सोपी जागा म्हणजे बोल्टचं डोकं. आठ मिलिमीटरचा बोल्ट जपानी यंत्रावर असेल तर त्याला बाराचा पाना लागतो. युरोपीय किंवा आपल्या मेट्रिक यंत्रावर असेल तर तेराचा. दहाच्या बोल्टला जपानी पाना चौदाचा, दुसरीकडचा सतराचा. बाराच्या बोल्टला सतरा आणि एकोणीस. आपल्या पेटीतल्या पान्याच्या एका टोकाला बारा आणि दुसऱ्या टोकाला तेरा असतं, म्हणून मेकॅनिक तो उलटा करून बसवतो आणि कुठलं टोक बसलं हे विसरून जातो. विसरू नये, वहीत लिहावं. एकही मिलिमीटरचा पाना नीट बसत नसेल आणि अर्धा इंची किंवा नऊ-सोळांशाचा चपखल बसत असेल, तर यंत्र इंचाच्या मुलखातलं: अर्ध्या इंचाच्या पान्याखाली सहसा पाच-सोळांश इंचाचा बोल्ट असतो, नऊ-सोळांशाखाली तीन-अष्टमांशाचा. आणखी जुन्या इंग्रजी यंत्रांना व्हिटवर्थचे पाने लागतात. त्यांच्यावरचा आकडा डोक्याच्या रुंदीचा नसून बोल्टच्या जाडीचा असतो, त्यामुळे ‘अर्धा इंच’ लिहिलेला व्हिटवर्थ पाना दुसऱ्या अर्ध्या इंची पान्याच्या शेजारी ठेवला तर चांगलाच मोठा दिसतो.

एका बोल्टवर मात्र निकाल देऊ नये. पन्नास वर्षांत मडगार्डचे, सीटचे, सायलेन्सरचे बोल्ट दहा वेळा बदललेले असतात आणि ते तालुक्याच्या हार्डवेअर दुकानाची साक्ष देतात, कारखान्याची नाही. साक्ष घ्यायची ती कधीच न उघडलेल्या बोल्टची: गिअरबॉक्सच्या आतला, कनेक्टिंग रॉडचा, फ्लायव्हीलचा.

आपल्याकडे या दोन शिड्या एकमेकींत कशा गुंतल्या त्याची गंमत आहे. वजन-मापांचा कायदा १९५६ मध्ये झाला आणि १ ऑक्टोबर १९५८ पासून देशात मेट्रिक पद्धत यायला लागली. नेमक्या त्याच सुमारास इंग्रजी ट्रॅक्टर भारतात तयार व्हायला लागले. मद्रासच्या टॅफेने मॅसी फर्ग्युसन आणला. १९६३ मध्ये महिंद्राने इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टासबरोबर कंपनी काढून बी-२७५ हे इंग्लंडातलं मॉडेल मुंबईत बांधायला घेतलं. सरकार इंच बंद करत होतं आणि कारखान्यांतून नवाकोरा इंच बाहेर पडत होता. खानदेशातल्या एका पिढीने शाळेत मीटर-सेंटिमीटर घोकलं आणि वर्कशॉपमध्ये सूत आणि थाऊ वापरलं. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, थाऊ म्हणजे हजारावा. मेट्रिक वहीत ‘दहा थाऊ’ लिहिणारे मिस्त्री आजही आहेत आणि त्यांचं बिघडत काही नाही, फक्त एक थाऊ म्हणजे ०.०२५४ मिलिमीटर हे पक्कं ठाऊक हवं.

जाता जाता: इंग्रजांनी इंच ठरवला तो तीन जवांच्या लांबीवर, असं चौदाव्या शतकातला त्यांचा कायदा सांगतो. त्याच्या सुमारे पावणेदोनशे वर्षं आधी भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त आठ जव आडवे लावून एक अंगुळ धरलं, चोवीस अंगुळांचा हात, चार हातांचा दंड. त्यांच्या नातवाला, चांगदेवाला, त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ काढायला जमीन मिळाली ती आपल्याच जिल्ह्यात, चाळीसगावजवळच्या पाटणला. तिथला शिलालेख ते सांगतो. दोन्हीकडे जवच, एकाने उभा लावला, एकाने आडवा. शिड्या वेगळ्या होतात त्या अशा.

आता प्रत्यक्ष माप. टॅफेचा मॅसी १०३५ महाराष्ट्रात कुठेही दिसतो, म्हणून त्याचंच उदाहरण घेतो. त्याच्या वंशातलं इंजिन म्हणजे पर्किन्स ३.१५२. नावातच पत्ता आहे: तीन सिलिंडर, १५२ घनइंच. याचा बोअर ३.६ इंच आणि स्ट्रोक ५ इंच. समजा आपल्याला यातलं काहीच माहीत नाही आणि झिजलेल्या लायनरमध्ये गेज ९१.६० मिलिमीटर दाखवतं. मेट्रिकची सवय असलेला माणूस म्हणेल, मूळ साडेएक्याण्णव असणार, दहा शतांश झीज. खरं मूळ माप ९१.४४, झीज सोळा शतांश. फरक सहा शतांशाचा, म्हणजे दोन थाऊंहून अधिक. ज्या ठिकाणी पिस्टन आणि लायनर यांच्यातली फट काही थाऊंचीच ठेवायची असते, तिथे एवढ्या चुकीने एक तर इंजिन तेल पितं, नाहीतर पिस्टन धरतो.

मापताना झीज कुठे होत नाही ते आधी बघायचं. सिलिंडरमध्ये रिंगा जिथवर फिरतात तेवढाच भाग खातो. सगळ्यात वरच्या रिंगच्या वर एक कड शिल्लक राहते. बोट फिरवलं की नखाला लागते. तिच्यावरचा कार्बन खरवडून तिथे माप घ्यावं, आणि एक अगदी तळाशी, रिंगा पोहोचत नाहीत तिथे. ही दोन मापं जुळली तर मूळ बोअर सापडला. शाफ्टचं तसंच. सीलच्या ओठाने जिथे खाच पाडली तिथे मापू नये. पुलीच्या हबखाली झाकलेला भाग, बेअरिंगच्या आतली बैठक, पिनेचं बुशाबाहेर राहिलेलं टोक इथे मापावं. प्रत्येक जागी दोन मापं, एकमेकांना काटकोनात, कारण झीज गोल नसते, अंडाकृती असते. एकच माप घेतलं आणि ते अंड्याच्या लांब बाजूला पडलं तर पुढचा सगळा हिशेब वाकडा.

स्ट्रोक मात्र झिजत नाही. तो क्रँकच्या घडणीतच ठरलेला असतो. म्हणून इंजिनाच्या पाटीवर घनक्षमता वाचता येत असेल तर बोअर गणितानेही काढता येतो. किर्लोस्करचं एव्ही-१ हे उभं इंजिन पंपावर आणि इंजिनिअरिंग कॉलेजांच्या प्रयोगशाळांत सर्वत्र आहे. क्षमता ५५३ घनसेंटिमीटर, स्ट्रोक ११० मिलिमीटर. ५,५३,००० ला ११० ने आणि ०.७८५४ ने भागा, वर्गमूळ घ्या, ८० मिलिमीटर येतं. त्याचंच भावंड टीव्ही-१, स्ट्रोक तोच, क्षमता ६६१: बोअर साडेसत्याऐंशी. खोक्यावरचं मॉडेल पुसलं गेलं असलं आणि दोन इंजिनं एकत्र होऊन पडली असली, तर हा हिशेब कुणाचं काय ते वेगळं करून देतो.

या सगळ्यात मोठी लबाडी असते ती आधीच्या दुरुस्त्यांची. जुनं यंत्र क्वचितच कारखान्यातून निघालं तसं राहतं. क्रँक घासून घासून लहान केलेली असते, लायनर बोअर करून मोठा केलेला. इथे मात्र एक गोष्ट आपल्या बाजूने आहे: ग्राइंडिंगवाल्यांचीही शिडी असते. इंचाच्या यंत्राला दहा, वीस, तीस, चाळीस थाऊ. मेट्रिकला पाव, अर्धा, पाऊण, एक मिलिमीटर. क्रँकच्या जर्नलवर ५६.६ मिलिमीटर मिळालं आणि यंत्र इंग्रजी असेल, तर ते सव्वादोन इंची जर्नलमधून वीस थाऊ काढलेलं असण्याची दाट शक्यता. जुन्या बेअरिंग शेलची पाठ पुसून बघावी, तिथे ०२० किंवा ०.५० असा शिक्का दिसला तर शंका मिटली. माप कुठल्याच पायरीवर बसत नसेल तर पत्ता तिसराच असतो: कुणीतरी शाफ्टवर वेल्डिंग भरून हाताला येईल तसा टर्न केलेला आहे, आणि तो शाफ्ट पुराव्यातून बाद.

आट्यांची गोष्ट अधिक किचकट आहे, आणि जास्तीत जास्त नुकसान इथेच होतं. जोसेफ व्हिटवर्थने १८४१ मध्ये आट्यांना ५५ अंशांचा कोन देऊन एक पद्धत बसवली; अमेरिकेने ६० अंशांची धरली. दुसऱ्या महायुद्धात दोघांच्या बोल्टांचा मेळ बसेना म्हणून १९४८ मध्ये ब्रिटन, अमेरिका आणि कॅनडा यांनी ६० अंशांची एकीकृत पद्धत मान्य केली. पण कारखाने एका रात्रीत बदलत नाहीत. १९५० च्या दशकातल्या इंग्रजी आराखड्यावर बांधलेल्या यंत्रात दोन्ही सापडू शकतात. अर्ध्या इंचाच्या व्हिटवर्थ बोल्टला इंचात १२ आटे, एकीकृत जाड्या आट्यांना १३. नट दोन-तीन वेढे मजेत फिरतो, मग आवळतो, मेकॅनिकला वाटतं गंज आहे, तो पाइप लावून जोर करतो आणि दोघांचेही आटे जातात. पाच-सोळांश इंच आणि आठ मिलिमीटर यांचंही तसंच. जाडीत फरक अवघा सहा शतांश मिलिमीटरचा, व्हर्नियरला तो दिसतो, बोटांना दिसत नाही. तीन-अष्टमांशाला तर व्हिटवर्थचे आणि एकीकृत जाडे आटे दोन्ही १६ च, फरक फक्त कोनाचा. आट्यांचं गेज शंभर-दोनशे रुपयांत मिळतं आणि ते नसताना जुन्या यंत्राला हात घालू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

तेलाच्या आणि हायड्रॉलिकच्या जोडण्यांवर इंच पुन्हा भेटतो, यंत्र जपानी असलं तरीही. पाइपांचे आटे जपानमध्येही व्हिटवर्थच्याच कुळातले, ५५ अंशांचे राहिले. पाव इंची पाइपाच्या आट्यांची बाहेरची जाडी १३.१६ मिलिमीटर भरते, अर्धा इंचीची जवळजवळ २१. अर्धा इंच कुठेच मोजता येत नाही, कारण तो आकडा कधीकाळच्या लोखंडी पाइपाच्या आतल्या पोकळीचा. विहिरीवर पाइपलाइन जोडणाऱ्याला हे सांगावं लागत नाही. इंजिनवाल्याला मात्र सांगावं लागतं. शेतीच्या ट्रॅक्टरचा मागचा पीटीओ शाफ्टही बहुधा एक पूर्णांक तीन-अष्टमांश इंचाचा, सहा खाचांचा. जगभरची अवजारं त्यावर बसतात म्हणून तो मेट्रिक झाला नाही.

मोजण्यापेक्षा गणती भरवशाची. गिअरचे दात कितीही झिजले तरी त्यांची संख्या बदलत नाही, आणि इथे शिडीची युक्ती सर्वांत छान चालते. सरळ दातांच्या गिअरचा बाहेरचा व्यास घ्या, दातांच्या संख्येत दोन मिळवा, आणि व्यासाला तिने भागा. मेट्रिक गिअर असेल तर मॉड्यूल मिळतं: २, २.५, ३, ४ असा सरळ आकडा. समजा वीस दातांचा गिअर आहे आणि झिजलेल्या टोकांवर व्यास ६९.६ भरतो. बावीसने भागलं की ३.१६. असं मॉड्यूल बाजारात नाही. आता उलटं करा: २५.४ ला ३.१६ ने भागा, ८.०४ येतं. म्हणजे हा इंची गिअर आहे, डायमेट्रल पिच आठ, आणि मुळातला व्यास बावीस-अष्टमांश इंच, पावणेतीन इंच, ६९.८५ मिलिमीटर. तीन मॉड्यूलच्या कटरवर तो कापून घेतला असता तर व्यास ६६ झाला असता. गिअर बसला असता, दोन दिवस ओरडला असता आणि मग दात सोडले असते. पडताळा हवा तर गिअरबॉक्सच्या पेटीतल्या दोन शाफ्टांच्या मध्यांतलं अंतर मोजा. बेअरिंगच्या बैठका शाबूत असतील तर ते अंतर हलत नाही, आणि ते दोन्ही गिअरच्या दातांच्या बेरजेला मॉड्यूलने गुणून निम्मं केल्यावर येणाऱ्या आकड्याशी जुळायला हवं. न जुळल्यास गिअर मुद्दाम सुधारलेल्या दातांचा आहे; तो मग नमुन्यासकट गिअर कापणाऱ्या अनुभवी माणसाकडेच न्यावा. जुन्या इंग्रजी-अमेरिकी गिअरमध्ये दाताचा दाबकोन साडेचौदा अंश असू शकतो, आजचे कटर वीस अंशांचे असतात, हेही त्याला विचारून घ्यावं.

चाकाच्या हबवर पाच बोल्ट असतील तर समोरासमोर बोल्टच नसतो, व्यास मोजायचा कसा? शेजारच्या दोन बोल्टांच्या मध्यांतलं अंतर घ्या आणि १.७०१ ने गुणा. ६७.२ आलं तर वर्तुळ ११४.३ चं, म्हणजे साडेचार इंच. पुन्हा इंचच.

बेअरिंग, सील, पट्टे यांच्याबद्दल फार लिहायला नको, त्यांचे आकडे बोलतात. ६२०५ मधल्या शेवटच्या दोन आकड्यांना पाचाने गुणलं की आतलं भोक, पंचवीस मिलिमीटर. बाहेरून ५२, जाडी १५, जगात कुठेही. सीलवर तीन आकडे असतात: शाफ्ट, भोक, जाडी. बी सेक्शनच्या पट्ट्याची वरची रुंदी १७ मिलिमीटर आणि पुढचा आकडा लांबीचा, इंचात. बेअरिंगवरचा आकडा पुसला गेला असला तरी तीन मापं घेऊन दुकानात गेलं की काम होतं. उलट, बेअरिंगच शाफ्टचं मूळ माप सांगतं: ६२०५ बसत होतं तर शाफ्ट पंचवीसचाच होता, आज तो कितीही भरो.

कागदपत्रांचा शोधही घ्यावा. भुसावळहून इटारसीमार्गे भोपाळकडे जाताना नर्मदा ओलांडली की बुदनी लागतं. तिथे १९५५ पासून केंद्र सरकारची शेतीयंत्रांची प्रशिक्षण आणि चाचणी संस्था आहे. देशात विकायचे ट्रॅक्टर तिथे तपासले जातात आणि त्याचा अहवाल निघतो. लोक त्यातली अश्वशक्ती आणि डिझेलचा खप वाचतात. दुरुस्ती करणाऱ्याला हवं ते मागच्या पानांवर असतं: चाचणी संपल्यावर इंजिन उघडून लायनर, पिस्टन, रिंगांची फट, व्हॉल्व्ह मापलेले असतात, शेजारी कुठवर झिजलं तर भाग टाकून द्यायचा ती मर्यादा. जुन्या परदेशी मॉडेलसाठी अमेरिकेतल्या नेब्रास्का विद्यापीठाच्या चाचण्या आहेत. विल्मॉट क्रोझिअर नावाच्या शेतकरी-आमदाराला निकृष्ट ट्रॅक्टर गळ्यात पडले, त्याने १९१९ मध्ये कायदा करवून घेतला, १९२० पासून चाचण्या सुरू झाल्या; त्यांत प्रत्येक ट्रॅक्टरचा बोअर आणि स्ट्रोक नोंदलेला असतो.

काही यंत्रं मात्र अनाथ असतात. १९७४ च्या सुमारास महाराष्ट्रातच दोन ट्रॅक्टर निघाले, नाशिकला किर्लोस्करने जर्मन डॉइट्झच्या साहाय्याने आणि पुण्याला पिट्टीने. दोन्ही टिकले नाहीत. अशा यंत्रापुढे हताश व्हायचं कारण नाही, कारण अख्खा ट्रॅक्टर एका कंपनीचा क्वचितच असतो. इंधनपंप आणि नोझल बहुतेक मायकोचे, त्यांच्या पाटीवर स्वतःचा क्रमांक. इंजिन एखाद्या जनरेटरवर, पंपावर, कॉम्प्रेसरवर अजून चालू असतं. नाव मेलं तरी माप दुसऱ्या नावाने बाजारात फिरत असतं, आणि राजकोटचे कारखाने तर लिस्टरसारखी इंजिनं मूळ कंपनीने सोडून दिल्यावरही बनवत राहिले. फक्त राजकोटचा भाग घेताना मूळ मापाशी पडताळून घ्यावा. नकलेवरून नक्कल होत गेली की प्रत्येक पायरीला एखाद-दुसरी थाऊ सरकते.

मापायची वेळही बघावी, निदान आपल्या भागात. मापांची जागतिक प्रथा अशी की लिहिलेलं माप २० अंश सेल्सिअसचं. मे महिन्यात यावलला पारा पंचेचाळिसाला टेकतो. शंभर मिलिमीटरचा लोखंडी भाग तेवढ्या फरकात जवळजवळ तीन शतांश वाढतो, एका थाऊपेक्षा जास्त. ॲल्युमिनियमचा पिस्टन त्याच्या दुप्पट. मायक्रोमीटर आणि भाग दोन्ही लोखंडाचे आणि सारख्याच तापमानाचे असले तर चूक आपोआप कटते. पण पिस्टन उन्हात ट्रॉलीवर आणि मायक्रोमीटर कपाटातून आत्ता काढलेला, तर आलेला आकडा निरुपयोगी. दोन्ही रात्रभर एका खोलीत ठेवून सकाळी लवकर मापलं की पुरे.

एवढं झाल्यावर लेथवाल्याकडे जावं, आणि नमुन्याऐवजी कागद घेऊन जावं. कागदावर एकटं माप पुरत नाही. ‘पंचवीसची पिन, पंचवीसचा बुश’ असं लिहिलं तर पिन आत जाणारच नाही. कुणाला किती ढील ते लिहावं लागतं. जुना मिस्त्री इंचामागे एक थाऊ म्हणतो. पुस्तकातलं नेमक्या फिरत्या बैठकीचं प्रमाण पंचवीस मिलिमीटरसाठी असं आहे: भोक २५.००० ते २५.०२१, पिन २४.९८० ते २४.९९३. मधली फट सरासरी चोवीस सहस्रांश मिलिमीटर, म्हणजे मिस्त्रीची एक थाऊच. चिखल-धुळीत डोलणाऱ्या एक्सलच्या पिनेला याहून सैल चालतं, इंजिनातल्या बुशाला नाही. पोलादही लिहावं: साधी माइल्ड स्टीलची पिन मापात उत्तम निघाली तरी एका हंगामात खाते, एन-एटची घेऊन वरून कडक करून घेतलेली टिकते. जुनी पिन कानशीने घासून बघावी. कानस घसरली तर ती कडक केलेली होती.

आणि बुशाच्या बाबतीत आणखी एक. पितळी बुश हबमध्ये प्रेसखाली दाबून बसवला की आतून आवळतो, दोन-तीन शतांश सहज. लेथवर २५.०१ चं काढलेलं भोक बसवल्यावर पंचवीसच्या खाली जातं, पिन जात नाही, आणि मग पिनेलाच पॉलिश पेपर लागतो, एवढ्या कष्टाने शोधलेलं माप घासलं जातं. म्हणून बुशाचं भोक थोडं बारीक ठेवायला सांगावं आणि कागदावर मापाच्या शेजारी लिहावं: बसवल्यावर रीमर.